स्वीट होम थ्रीडी: लहान घरात जायच्या आधी सामानाचा हिशोब इथे लावा

मोठ्या घरातून लहान घरात जायचं पक्कं झालं असेल तर पॅकिंगचे खोके आणायच्या आधी कॉम्प्युटरवर स्वीट होम थ्रीडी टाकून घ्या, घराचा नकाशा काढून त्यात फर्निचर मांडून बघायचं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं आणि काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउजरमध्ये पण वापरता येतं. आई-बाबांना त्यांच्या मोठ्या घरातून दोन खोल्यांच्या घरात हलवायचं होतं तेव्हा मी हे अगदी मनापासून वापरलं, त्यावरून लिहितेय.

लोक हे सॉफ्टवेअर सुंदर थ्रीडी चित्रं काढायला वापरतात, त्यात काही वाईट नाही, पण घर लहान होत असताना याचा खरा फायदा वेगळाच आहे. स्क्रीनच्या डाव्या बाजूला खाली फर्निचरची यादी असते. तुम्ही प्लॅनमध्ये जे जे ठेवाल ते रुंदी, खोली, उंचीसकट तिथे येतं आणि प्रत्येकासमोर दिसणार की नाही याची टिक असते. मी आधी जुन्या घरातलं सगळं सामान टेपने मोजून त्या यादीत भरलं, अगदी शिलाई मशीन आणि चपलांचं कपाट सुद्धा, आणि मग नव्या घराच्या प्लॅनमध्ये एकेकाची टिक काढत-लावत बसलो आम्ही तिघं. "हे टाकून द्या" असं आई-बाबांना तोंडावर सांगणं फार अवघड असतं हो, त्या वस्तूंमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. पण स्क्रीनवर दोन कपाटं ठेवली की दार उघडत नाही हे बाबांना स्वतःला दिसलं आणि कुठलं ठेवायचं ते त्यांनीच ठरवलं, पुस्तकांचं ठेवलं. निर्णय त्यांचा राहिला, याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन.

आता वापरायचं कसं. नव्या घराचा नकाशा कागदावर असेल तर त्याचा सरळ वरून फोटो काढा किंवा स्कॅन करा आणि बॅकग्राउंड इमेज म्हणून आत घ्या. मग नकाशावरच्या एखाद्या माहितीतल्या अंतरावर रेघ ओढून ते किती आहे ते टाकायचं, म्हणजे स्केल बसतं, आणि वरून भिंती गिरवत जायच्या. स्केलसाठी शक्यतो सगळ्यात लांब अंतर घ्या, छोटं घेतलं की थोडीशी चूक अख्ख्या घरात वाढत जाते. नकाशावर डोळे झाकून विश्वास पण नको, प्रत्यक्ष जाऊन मोजाच, आणि खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या आणि कर्णांत फरक आला तर खोली काटकोनात नाही, मग भिंतीला चिकटून बसवायचं कपाट एका टोकाला फट सोडणार.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. यात भिंत काढताना जी लांबी दिसते ती भिंतीच्या मधल्या रेषेची असते. म्हणजे भिंती १५ सेंमी जाड असतील आणि तुम्ही ३ मीटरची खोली म्हणून ३ मीटर टाकलं तर आतून २.८५ च मिळते. लहान घरात १५ सेंमी म्हणजे खुर्ची मागे सरकणार की नाही एवढा फरक! शिवाय भिंतीची जाडी मुळात ७.५ सेंमी धरलेली असते, विटांची भिंत त्याहून जाड, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ती बदला. भिंती झाल्या की रूमचं टूल घेऊन खोलीच्या आत डबल क्लिक करा, आतलं क्षेत्रफळ लिहून येतं, ते तुमच्या मोजमापाशी जुळलं की पुढे जा.

फर्निचरचा तयार कॅटलॉग फार मोठा नाही पण जादा मॉडेल्स उतरवून घेता येतात, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही पडत नाही. कुठलाही पलंग उचला, डबल क्लिक करून आपल्या पलंगाची मापं टाका, झालं. दिसायला वेगळा असेल पण जागा तेवढीच खाणार ना.

मात्र एक लक्षात ठेवा, दोन वस्तू एकमेकींत घुसल्या तरी हे सॉफ्टवेअर थांबवत नाही की सांगत नाही, आणि माणसाला वावरायला जागा उरली का हे तर ते बघतच नाही. ते आपणच बघायचं. मी काय केलं, कॅटलॉगमधला साधा चौकोनी खोका घेऊन त्याला "मोकळी जागा" असं नाव दिलं आणि प्रत्येक कपाटासमोर, पलंगाच्या बाजूला, जेवायच्या टेबलाभोवती तो ठेवला. पलंगाच्या बाजूला निदान ६० सेंमी, टेबलापासून मागच्या भिंतीपर्यंत खुर्ची ओढायला ७५ ते ९०, आणि जायच्या-यायच्या वाटेला ९०. बाबा वॉकर घेऊन चालतात म्हणून वाटेच्या ९० ला मी अजिबात हात लावू दिला नाही, एक कॉर्नर टेबल त्यापायी गेलं. पुढेमागे व्हीलचेअर लागेल अशी शक्यता असेल तर ती वळवायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ कुठेतरी हवंच, तेही आत्ताच प्लॅनमध्ये काढून ठेवा. दारांचा कमानीसारखा फिरणारा भाग प्लॅनमध्ये दिसतो, त्यात काही येत नाही ना ते तपासा.

दुसरं म्हणजे वस्तू नव्या घरात मावते आणि ती तिथपर्यंत पोचते या दोन वेगळ्या गोष्टी. २४० सेंमी उंच आणि ६० खोल असं कपाट २४५ उंचीच्या खोलीत उभं मावतं, पण आडवं आणून उभं करताना त्याचा कर्ण साधारण २४७ होतो, म्हणजे छताला अडणारच. असं कपाट सुटं करून न्यावं लागतं, आणि सुटं होत नसेल तर ते यादीतून काढा. हे गणित वहीत करायचं, जिना, लिफ्ट आणि दाराची मोकळी रुंदी पण वहीतच लिहायची.

थ्रीडीमध्ये घरातून फिरायचा ऑप्शन आहे आणि त्यात बघणाऱ्याची उंची बदलता येते, हे मला फार आवडलं. आईच्या डोळ्यांची उंची टाकून स्वयंपाकघर बघितलं, मग खुर्चीत बसल्यावर खिडकीतून बाहेर दिसतं का ते बघितलं, आणि तिची आवडती खुर्ची त्याप्रमाणे हलवली. प्लॅनवरच्या होकायंत्रात उत्तर दिशा आणि जागा नीट भरली तर दिवसाच्या कुठल्याही वेळेचं ऊन कुठे येईल याचा फोटो पण तयार करता येतो. सगळ्यात उच्च दर्जाचा फोटो करायला वेळ लागतो, ऊन बघायला त्याच्या एक पायरी खालचा पुरतो, पण त्याच्याही खालच्या दोन दर्जांत ऊन दिसत नाही.

वायरिंग, नळ यातलं काही हे करत नाही. भिंत पाडायचा विचार असेल तर ती भार घेणारी आहे का हे इंजिनिअरलाच विचारा, इथे ती एका क्लिकने जाते म्हणून फसू नका.

सगळं ठरलं की प्रत्येक वस्तूच्या नावात नंबर टाका, प्लॅनवर नाव दाखवायचा ऑप्शन चालू करा आणि प्रिंट काढा. तोच नंबर चिकटपट्टीवर लिहून त्या वस्तूला लावा आणि एक प्रिंट नव्या घराच्या दारावर चिकटवा, सामान उतरवणाऱ्यांना काही विचारावं लागत नाही आणि जड कपाट पहिल्यांदाच योग्य भिंतीला लागतं.