अस्तानात १४ महिने: नजरबायेव यांनी बांधलेलं शहर वापरायला कसं आहे

सप्टेंबर २०२३ मध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानाला, उतरलो तेव्हा बॅगेच्या चिठ्ठीवर तीन अक्षरं होती, 'एनक्यूझेड'. २०२० पर्यंत या विमानतळाचं लघुनाव 'टीएसई' होतं, सोव्हिएत काळातल्या त्सेलिनोग्राद या नावावरून आलेलं. २०१९ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नजरबायेव यांच्यावरून शहराचं नाव नुर-सुलतान ठेवलं, मग लघुनावही बदललं. २०२२ मध्ये शहराचं नाव पुन्हा अस्ताना झालं, पण विमानतळावर नजरबायेव तसेच राहिले. कझाक भाषेत 'अस्ताना' म्हणजे राजधानी. म्हणजे राजधानीचं नाव राजधानी. आमच्याकडे कुत्र्याचं नाव 'कुत्रा' ठेवणारे एक काका होते, त्यांची आठवण झाली.

मी चिंचवडचा, काम इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनचं. पहिले पाच महिने नदीच्या डाव्या काठावर नव्या टॉवरमध्ये राहिलो, नंतरचे नऊ महिने उजव्या काठावर जुन्या पाच मजली इमारतीत. दोन्ही काठ वापरून झाले, म्हणून लिहायला बसलोय. शहराबद्दल लिहायचं तर त्याच्या मालकाबद्दल लिहावंच लागतं. मालक हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, पुढे कळेल.

नजरबायेव १९४० सालचे, अल्माटीजवळच्या चेमोल्गान गावचे. तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागले, तिथून कम्युनिस्ट पक्षात चढले. १९८४ मध्ये कझाक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान, १९८९ मध्ये पक्षाचे पहिले सचिव. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात वगैरे गेलेला हा माणूस नाही. सोव्हिएत संघ मोडू नये असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मार्च १९९१ च्या सार्वमतात कझाकस्तानात सुमारे ९४ टक्के मतं संघ टिकवण्याच्या बाजूने पडली होती. डिसेंबरात रशिया, युक्रेन आणि बेलारूसचे नेते येल्त्सिन, क्रावचुक आणि शुश्केविच यांनी बेलारूसच्या जंगलात बसून संघ मोडीत काढला, तेव्हा हे त्या बैठकीत नव्हते. १२ डिसेंबरला खुद्द रशिया बाहेर पडला. कझाकस्तान सगळ्यांत शेवटी, १६ डिसेंबरला. मधले चार दिवस सोव्हिएत संघ म्हणजे एकटा कझाकस्तान, असा विनोद करतात. वाडा पाडायला काढलाय, सगळी बिऱ्हाडं निघून गेली आहेत आणि एकच कुटुंब अजून नळाला पाणी यायची वाट बघतंय, तसं काहीसं. पाच दिवसांनी त्यांच्याच दारी, तेव्हाच्या अल्मा-अतात म्हणजे आताच्या अल्माटीत, अकरा प्रजासत्ताकांच्या सह्या झाल्या आणि वाड्यावर पडदा पडला.

पण नको असताना वाट्याला आलेल्या त्या घराचं त्यांनी जे केलं, त्याला मी पूर्ण गुण देतो. १९८९ च्या जनगणनेत कझाक सुमारे ४० टक्के आणि रशियन ३८ टक्के होते. रशियाशी साडेसात हजार किलोमीटरची सीमा. युगोस्लाव्हियाचं त्याच वर्षांत काय झालं ते आपण पाहिलंय. इथे तशी यादवी झाली नाही. सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर चाळीस वर्षांत ४५६ अणुचाचण्या झाल्या होत्या. कवी ओल्झास सुलेमेनोव यांच्या चळवळीने लोक आधीच रस्त्यावर आले होते, आणि २९ ऑगस्ट १९९१ ला, मॉस्कोतलं गोर्बाचेव यांच्याविरुद्धचं बंड फसल्याला जेमतेम आठवडा झाला असताना, नजरबायेव यांनी ते मैदान बंद केलं. वाट्याला आलेली हजाराहून जास्त अण्वस्त्रं १९९५ पर्यंत रशियाला परत गेली. कुठलाही हिशेबी राजकारणी ती 'राहू द्या, कामाला येतील' म्हणून ठेवायचा मोह धरेल.

आता शहर. १९९४ मध्ये राजधानी अल्माटीहून हलवायचं ठरलं, डिसेंबर १९९७ मध्ये ती इथे, अकमोलाला आली. कारणं सांगितली ती भूकंपाचा धोका आणि चीनची जवळची हद्द. न सांगितलेलं कारण असं मानतात की उत्तरेत रशियन लोकसंख्या जास्त होती, तिथे सरकार नेऊन बसवायचं. चाल म्हणून उत्तम. राहणाऱ्यांसाठी मात्र अल्माटीची सफरचंदं आणि डोंगर सोडून उघड्या गवताळ माळावर यायचं होतं. अकमोला या नावाचा अर्थ 'पांढरी कबर' असाही लावतात, म्हणजे टोमणे मारणाऱ्यांची सोय नावातच होती.

डाव्या काठाचा आराखडा जपानी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांचा. लांबून बघताना डोळे दिपतात. एका टोकाला नॉर्मन फॉस्टर यांचा खान शातीर हा दीडशे मीटर उंचीचा पारदर्शक तंबू, दुसऱ्या टोकाला राष्ट्राध्यक्षांचा अक ओर्दा हा प्रासाद, मध्ये बायतेरेक मनोरा. खान शातीर २०१० मध्ये नजरबायेव यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने उघडला. बायतेरेकची बघायची गॅलरी ९७ मीटरवर आहे, कारण राजधानी ९७ साली आली. वर त्यांच्या पंजाचा सोनेरी ठसा आहे, त्यात हात ठेवून फोटो काढायला रांग लागते. मीही काढला. पंजा माझ्यापेक्षा बराच मोठा आहे.

हे सगळं एका सरळ रेषेत, तीनेक किलोमीटर. नकाशावर सुरेख. उणे तीसमध्ये, माळावरचा वारा अडवायला मध्ये काहीच नसताना, ती रेषा चालून बघा! पहिल्या डिसेंबरात मी ऑफिसपासून बसस्टॉपपर्यंतची आठ मिनिटं दोन टप्प्यांत चालायचो. मध्ये एका बँकेच्या दारातल्या 'तांबूर'मध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या चौकोनी खोलीत, चष्म्यावरचा बर्फ वितळेपर्यंत थांबायचं. बँकेचा रखवालदार मला ओळखायला लागला होता.

टॉवरचा बाहेरचा भाग सगळा काचेचा. हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात पस्तिशी गाठणाऱ्या गावात काचेची भिंत म्हणजे मेंटेनन्सला आमंत्रण. माझ्या बेडरूमच्या खिडकीच्या रबराला आतून बर्फ धरायचा, आणि इमारत सांभाळणाऱ्या कंपनीने चार तक्रारींनंतर चिकटपट्टी पाठवली. बाहेर गारठा आणि आत उबारा असला की उंच इमारत चिमणीसारखी हवा वर खेचते. आमच्या लिफ्टचे दरवाजे त्यामुळे रात्रभर शिट्टी वाजवायचे.

फेब्रुवारीत उजव्या काठावर गेलो. ख्रुश्चेव यांच्या काळात पडीक माळ नांगरायच्या मोहिमेसाठी हे गाव फुगलं, त्या वेळच्या इमारती. भिंती जाड, खोल्या काड्यापेटीएवढ्या. भिंतीतल्या लोखंडी 'बातारेया'त, म्हणजे रेडिएटरमध्ये, वीजकेंद्राकडून आलेलं गरम पाणी खेळतं, बंद करायचा व्हॉल्व नाही. बाहेर उणे २८, आत अधिक २६ आणि मी बनियनवर. जास्तच तापलं तर खिडकीतली छोटी खिडकी, 'फोर्तोच्का', उघडायची. इंजिनिअर म्हणून जीव तुटतो, भाडेकरू म्हणून झोप लागते. भाजीवाला, चांभार, दवाखाना सगळं पाच मिनिटांवर, आणि इमारती एकमेकींचा वारा अडवतात.

घरमालकीण चौसष्ट वर्षांच्या, सगळे त्यांना आपा म्हणतात म्हणून मीही. त्यांचा जन्म अकमोलिन्स्कचा, थोरल्याचा त्सेलिनोग्रादचा, धाकटीचा अकमोलाचा, नातवाचा नुर-सुलतानचा. चारही जन्म याच गल्लीतले, दाखल्यांवर शहरं चार. दुधाचा चहा कपात अर्धाच ओततात, पूर्ण भरला तर 'आता निघा' असा अर्थ होतो म्हणे. नजरबायेव यांच्याबद्दल विचारलं तर आपा सरळ म्हणाल्या, "नव्वदीत आम्ही घरात कोट घालून झोपायचो. राजधानी आली आणि हा पाइप गरम झाला." थोरला बाजूलाच होता. तो दोनच शब्द बोलला, "शाल, केत." म्हाताऱ्या, निघ. जानेवारी २०२२ मध्ये रस्त्यावर हीच घोषणा होती.

इथे मला आमची सोसायटी आठवते. बिल्डरने इमारत खरंच चांगली बांधली, मग स्वतःच चेअरमन झाला आणि कन्व्हेयन्स काही देईना. आधी सगळे कौतुक करायचे, मग हळूहळू त्याच्या भाच्याला लिफ्टचं कंत्राट, जावयाला पार्किंग. नजरबायेव यांनी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलं, पण देशाच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद ठेवलं. 'एलबासी' म्हणजे राष्ट्रनेता हा किताब २०१० पासून होताच. किल्ल्या दिल्या, सातबारा नाही. २०२२ च्या सुरुवातीला झानाओझेन या तेलाच्या गावात गाडीच्या गॅसचा दर दुप्पट झाला आणि निदर्शनांचा भडका उडाला. सरकारी आकड्यानुसार देशभरात २३८ माणसं गेली. तालदीकोर्गानमध्ये त्यांचा पुतळा दोर लावून पाडला, आणि ५ जानेवारीला परिषदेचं अध्यक्षपद नजरबायेव यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी स्वतःकडे घेतलं. झानाओझेनमध्येच १६ डिसेंबर २०११ ला, स्वातंत्र्याच्या विसाव्या वाढदिवशी, संपावरच्या तेलकामगारांवर गोळीबार झाला होता. त्याचं स्मारक मला बायतेरेकच्या आसपास कुठे दिसलं नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र पाइपांची. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकिबास्तुझ या कोळशाच्या गावात जुनं वीजकेंद्र बिघडलं आणि ऐन थंडीत घरं गारठली. ज्या गावाचा कोळसा देशाला वीज पुरवतो, त्याच गावात. तीस वर्षं तेलाचा पैसा तंबू, पिरॅमिड आणि गोल अशा आकारांच्या इमारतींवर लागला, आणि आपांच्या घरातली बातारेया ज्यावर चालते ती व्यवस्था सोव्हिएत काळचीच राहिली. माणूस भट्टीवर काम करून वर आलेला, त्याला हे कळायला हवं होतं.

बारीकसारीक: कास्पी ॲपवर भाजीपासून दंडापर्यंत सगळं भरता येतं, आपल्या यूपीआयची आठवण येत नाही. घोड्याचं मांस नको असेल तर भोपळ्याचा समोसा आणि लगमान म्हणजे इथल्या नूडल्स यांवर निभतं. १ मार्च २०२४ पासून घड्याळ एक तास मागे गेलं. आधी आम्ही भारताच्या अर्धा तास पुढे होतो, आता अर्धा तास मागे. आईला अजून पटत नाही, ती जुन्याच हिशेबाने फोन करते.

कंपनीने मुदत आणखी एका हिवाळ्यासाठी वाढवली आहे. डाव्या काठावर नवा फ्लॅट देत होते, फुकट पार्किंगसह. आपांना पुढचं भाडं देऊन टाकलंय.