जुनी टू-सीटर घाटात थांबते: ओरिजिनल पार्ट ठेवायचे की मॉडर्न किट बसवायचं?

एमजीबी, मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार, नाहीतर आपली मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड, अशी कुठलीतरी गाडी दारात असली आणि ती सारखी रस्त्यात बंद पडत असली की दोन गट सल्ला द्यायला येतात. एक म्हणतो ओरिजिनल आहे तसंच ठेव, डिक्कीत स्पेअर टाक, काही होत नाही. दुसरा म्हणतो कशाला मर्दा एवढी कटकट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रिक पंप, अल्टरनेटर बसवून टाक की. दोघांचंही अर्धं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पार्टला दोन गोष्टी विचारा, तो मरताना आधी सांगून मरतो की खाडकन मरतो, आणि मेल्यावर तुमचा हात तिथं पोचतो का. उत्तर पार्टप्रमाणं बदलतं, म्हणून सगळी गाडी एकाच तत्त्वावर करू नका.

आपल्या भागाचा एक फायदा आधी सांगतो. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, एमजीए गाडीचं १४८९ आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन पण त्याच घराण्यातलं. हेरल्ड काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण स्पिटफायर निघाली ती तिच्याच चासीवरून आणि इंजिनावरून. त्यामुळं बेळगाव-कोल्हापूरकडं अ‍ॅम्बेसेडर-हेरल्डवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री सापडला तर तो एमजीचं बॉनेट उघडून घाबरत नाही. उलट इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बघितलं की तो म्हणतो हे काय करूलोय ते मला कळत नाही, नवीन आणा. आणि नवीन बाहेरून मागवायचं म्हणजे दिवस जातात, हा खर्च कोण धरत नाही.

तर इग्निशन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडायची व्यवस्था, कारण सगळ्यात जास्त वाद इथंच. जुनी पद्धत पॉइंट-कंडेन्सरची, पॉइंट म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा बारीक स्विच, आणि कंडेन्सर म्हणजे त्या स्विचवर ठिणगी पडू न देणारी डबी. अडचण अशी की पॉइंटचं टाचेचं टोक फिरणाऱ्या कॅमवर झिजतं, गॅप कमी होते, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं जातं, मग गाडी ओढत नाही, चढाला गरम होते. पण हे सगळं हळूहळू होतं, गाडी आठवडे आधीपासून तक्रार करत असते. एमजीबीतल्या लुकासच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला (पॉइंट ज्यात बसतात आणि जो ठिणगी प्लगना वाटतो तो डबा) गॅप १४ ते १६ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, कॅमचा उंचवटा टाचेखाली आणून फीलर गेजनं लावायची, आणि गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढ्याच जाडीचं असतं, घरी पोचण्यापुरतं चालतं. पॉइंट काळे पडले असले तर बारीक पॉलिश पेपर मारा, कॅमला ग्रीसचा नुसता हात लावा, झालं काम.

कंडेन्सर मात्र जरा हरामी. गरम झाल्यावर गाडी मिसिंग मारते, सायलेन्सरमधनं फटाके, पॉइंटवर निळी मोठी ठिणगी दिसते, थंड झाली की परत शहाण्यासारखी चालते. त्याचा रस्त्यातला इलाज फार लोकांना माहीत नसतो. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आतच पाहिजे असं काही नाही. आतला मेलेला सोडवा, प्रीमियर पद्मिनी गाडीचा नाहीतर अ‍ॅम्बेसेडरचा कंडेन्सर घ्या, त्याची वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा डबा) डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि त्याची बॉडी इंजिनला नीट अर्थ, गाडी उठते. बाहेर गार जागी असल्यामुळं टिकतोही बरा.

आता समोरची बाजू, इलेक्ट्रॉनिक किट, म्हणजे पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. चांगलं बसलं तर खरंच मस्त, गॅप नाही, टायमिंग सरकत नाही, सकाळी एका सेल्फात उठते, आयडलिंग गुळगुळीत. पण मरतं तेव्हा काही न सांगता मरतं. इंजिन बंद आणि चावी ऑन अशी बराच वेळ राहिली तर मॉड्यूल भाजून जाऊ शकतं. कॉइलचा रेझिस्टन्स किटला जुळावा लागतो, चार सिलिंडरच्या बऱ्याच किटना ३ ओहमची कॉइल लागते, आणि बॅलास्टवाली (वेगळ्या रेझिस्टरबरोबर चालणारी) १.५ ओहमची कॉइल डायरेक्ट लावली की किट जातं. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, त्यांना वेगळं किट, उलटं जोडलं की संपलं.

आणि किट विकणारा जे बोलत नाही ते हे की आपल्या पावसात इग्निशन बंद पडतं ते बऱ्याचदा हाय टेन्शन बाजूनं, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जास्त व्होल्टेजच्या भागात. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत दमट, वायरीला चीर, आत फिरणाऱ्या रोटरच्या रिव्हेटमधनं करंट शाफ्टला पळतो. हे तिन्ही पार्ट किट बसवल्यावर तेच राहतात! जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जुलैत जो पाऊस आणि धुकं असतं त्यात कॅप उघडून कोरड्या फडक्यानं पुसणं हे काम पॉइंटवाल्याला पण आहे आणि किटवाल्याला पण. डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थ वायर पण बघा, वरून अख्खी दिसते आणि आत तुटलेली असते, मग अ‍ॅक्सिलेटर कमी-जास्त केला की गाडी झटके मारते, आणि मेकॅनिक कार्बोरेटर खोलून बसतो. बऱ्याच किटना तर अर्थ त्याच वायरीतनं मिळतो, म्हणजे किट बसवल्यावर ती वायर जास्तच महत्त्वाची.

माझा कौल असा, गाडी रोज-दोन दिवसाआड बेळगावातच टिळकवाडी ते कॅम्प, हायवेनं निपाणी-कोल्हापूर अशी फिरत असेल तर किट घ्या, पण पॉइंट-कंडेन्सर लावून, गॅप सेट करून तयार ठेवलेली जुनी बेसप्लेट डिक्कीत पाहिजेच, पंधरा-वीस मिनिटांत बदलता येते. गाडी महिन्यातनं एखाद्या रविवारी निघत असेल आणि तुमची हौस चोर्ला-आंबोली घाटाची असेल तर पॉइंटच ठेवा, कॅप-रोटर-वायरी चांगल्या घ्या. पॉइंट सेट शेकड्यात येतो, किट हजारांत, उरलेले पैसे तिकडं लावा.

पेट्रोल पंपाला मात्र माझं मत उलटं आहे. स्पिटफायर, हेरल्डला इंजिनावर बसलेला मेकॅनिकल पंप. साधा, हातानं प्राइम करायचा लिव्हर असतो, वर्षानुवर्षं चालतो. पण इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असल्यानं तापतो. आपल्याकडनं गोव्याला जाताना चोर्ला उतार, खरी परीक्षा येताना, साखळी सोडून चढ लागला की. वर थांबून चहा घेतला आणि परत सेल्फ मारला की वेपर लॉक, पंप नुसती वाफ ओढत बसतो. ओलं फडकं पंपावर आणि लाईनवर टाका, बॉनेट उघडं ठेवा, दहा मिनिटांत उठते. हे महिन्यातनं एकदा होत असेल तर फडकंच पुरे आहे. दर चढाला होत असेल तर टाकीजवळ लो-प्रेशर इलेक्ट्रिक पंप हा खरा उपाय, कारण तो थंड जागेतनं पेट्रोल पुढं ढकलतो.

पण पंप निवडताना डोकं शाबूत ठेवा. या गाड्यांच्या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआय एवढं प्रेशर पुरे. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून बसवला तर तो ४० पीएसआयच्या वर मारतो, कार्बोरेटरमधला पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह धरत नाही, ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं, मग दुरुस्त करायला गाडीच राहत नाही. शिवाय धडक झाली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच बसवाच, मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबत होता, हा थांबणार नाही. आणि मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला असला तर पेट्रोल खाली चेंबरच्या ऑइलमध्ये उतरू शकतं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर स्टार्ट करू नका, आधी ऑइल बदला.

एमजीबीवाल्यांचा प्रश्न वेगळा, त्यांचा एसयू पंप मूळचाच इलेक्ट्रिक, आत स्वतःचे पॉइंट. चावी फिरवल्यावर टिकटिक करून गप्प झाला तर ठीक, थांबतच नाही तर कुठंतरी हवा ओढतोय नाहीतर टाकी रिकामी, अजिबातच आवाज नाही तर पॉइंट चिकटलेत, पान्याच्या दांड्यानं हळू ठोकलं की चालू होतो. ऐकायला सोपं. पण तो असतो मागच्या उजव्या चाकाजवळ खाली, भर पावसात रस्त्याकडंच्या चिखलात पाठ टेकून ठोकायला कोण जाणार? आणि पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे हेच पॉइंट आधी गंजतात. म्हणून इथं मी डोळे झाकून त्याच पंपाचं पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक व्हर्जन घ्या म्हणतो. मेलं तर ठोकून उठणार नाही हे खरं, पण मरायचं कारणच बरंच कमी होतं.

दोन्हीकडं एक अट. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात, आतनं सोलतात आणि तो चुरा फिल्टरात, जेटात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी होज इथेनॉल सोसणाऱ्या एसएई जे३० आर९ ग्रेडची घाला, त्याआधी पंपाची चर्चाच करू नका. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल जुनं करू नका, इथेनॉल पाणी धरतं.

बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो की नवा अल्टरनेटर, यात फार वेळ घालवायला नको. सुरुवातीच्या एमजीबीचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. दोन हेडलाईट मिळून ८ ते १०, वर वायपर, कॉइल, पंप, त्यात कोणी इलेक्ट्रिक फॅन बसवला की अजून तेवढेच. रात्री पावसात वंटमुरी घाटात ट्रकच्या मागं रांगूलात तर हिशोब बसत नाही, बॅटरी उतरत जाते. डायनामो बिघडलेला नसतो, त्याची ताकदच तेवढी. दिवसाच फिरवणार असाल तर ठेवा, पार उतरलेल्या बॅटरीवर धक्का मारून उठवायला तोच बरा, कारण त्याच्यात मूळचं थोडं चुंबकत्व राहिलेलं असतं, अल्टरनेटरला आधी बॅटरीतनं करंट लागतो. रात्री जायचं असेल तर अल्टरनेटर, पण त्यासाठी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते, रेडिओ, किट सगळं त्याप्रमाणं बघून. इलेक्ट्रिक फॅन अल्टरनेटरच्या आधी अजिबात नको. गाडी तापते म्हणून फॅन बसवणारे बरेच, आधी थर्मोस्टॅट, रेडिएटरचा कोअर आणि टायमिंग तपासा. फॅनबेल्ट एक जादा ठेवा, तो तुटला की वॉटर पंप आणि चार्जिंग एकदमच जातं.

क्लचबद्दल खास बेळगावकरांना सांगायचंय. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, गळायला लागला, पेडल खाली गेलं, की आपल्याला वाटतं उद्यमबागेच्या इंडस्ट्रियल एरियात हायड्रॉलिकचे एवढे कारखाने, मापाचा सील तर तिथं कुठंही मिळेल. मापाचा मिळतो की! पण तो बहुतेक नायट्राइल रबरचा, मिनरल ऑइलसाठी केलेला, ब्रेक फ्लुइडमध्ये तो फुगतो आणि काही दिवसांत परत गळती. उलट्या बाजूनं, गाडीच्या ओरिजिनल सीलवर कारखान्यातलं हायड्रॉलिक ऑइल ओतलं तर ते सील फुगतात, क्लचपुरतं ठीक, ब्रेक जाम झाले तर घाटात काय करणार. सिलिंडरचं बोअर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं), स्लीव्ह घालणं, पिस्टन टर्न करणं ही कामं उद्यमबागेतच करून घ्या, तिथल्यासारखी मशिनिंग सहज मिळत नाही. सील मात्र ब्रेक फ्लुइडचेच असलेलं रिपेअर किट मागवा आणि ब्रेक फ्लुइड डॉट ४ ग्रेडचं.

शेवटी कागदाचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि तो नंबर घेतल्यावर गाडी रोज वापरता येत नाही. म्हणून काहीही बसवा, पण बॉडीला नवीन भोकं पाडू नका, वायरिंग कापू नका, आणि काढलेला डायनामो, जुना पंप, डिस्ट्रिब्युटर भंगारवाल्याला देऊ नका, तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा.