शुगर असणाऱ्यांसाठी एमसीआर सँडल: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला घेतलेल्या, आता कोल्हापुरात ऊन तापायला लागलंय, म्हणजे सगळे ऋतू बघून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझी शुगर जुनी आहे. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि तळपायाला नायलॉनचा धागा टेकवून बघितला, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो तो, आणि अंगठ्याखाली, चवड्यावर कधी टेकवला ते मला कळंनाच, म्हणजे शुगरनं तिथली संवेदना गेलेली. तेव्हापासनं ही एमसीआर, म्हणजे खास मऊ रबराची, सँडल पायात आहे.

आता पहिली गोष्ट, "लय मऊ आहे, भारी वाटतंय" असा रिव्ह्यू या चपलेचा करून उपयोग नाही. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही त्याला घट्ट चप्पलसुद्धा बरीच वाटते, उलट जरा घट्ट असली की पायात काहीतरी आहे असं जाणवतं म्हणून माणसं एक नंबर लहानच घेऊन येतात. त्यामुळं पायाला काय वाटतंय ते मी धरतच नाही, कातडीवर काय उठतंय ते बघतो. सँडल काढली की लाल वळ दिसतो का, आणि दिसला तर वीसेक मिनिटांत जातो का. गेला नाही म्हणजे तिथं दाब पडतोय. नवीन असताना घरातच तासभर घालायची, काढायची, बघायची, मग वेळ वाढवत न्यायची. माझ्या उजव्या करंगळीपाशी असा वळ राहायला लागला, दुखत बिखत काही नव्हतं, बोटानं दाबून बघितलं तरी काही नाही. दुकानात दाखवल्यावर त्यांनी बाजूचा पट्टा उसवून थोडा बाहेर घेऊन परत शिवून दिला, मग थांबलं ते. माप द्यायला संध्याकाळीच जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, आणि दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घ्यायला लावा.

एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, आत बारीक हवेची छिद्रं असतात, त्यामुळं वजन एका जागी न येता पसरतं. आपल्याकडं हे रबर कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी आधीपासनं वापरतात. रोग वेगळा पण पायाची अडचण तीच. खालचा सोल मात्र कडक आणि जाड पाहिजे, नुसतं मऊ रबर घेऊ नका. आमच्या उसाच्या बांधावर बाभळी आहेत, एकदा तिकडनं आल्यावर सवयीनं सँडल उलटी करून बघितली तर काटा खालच्या सोलमधनं आत जाऊन मऊ रबरात रुतून बसलेला, वरनं हात फिरवला तर टोक नुसतं लागत होतं. चालताना मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. साध्या स्लिपरला तो आरपार गेला असता. तेव्हापासनं घालायच्या आधी आत हात फिरवणं आणि रात्री उलटी करून बघणं चुकवत नाही.

कोल्हापुरात राहून कोल्हापुरी सोडायची म्हणजे जिवावर येतं, हे खरं आहे. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून, त्याचा मला अभिमान आहे आणि कारागिरांच्या हातात कला आहे. पण ती नवी असताना चावते, आपण म्हणतो चार दिवस चावू दे, तेल लाव, मग पायाला बसते. संवेदना गेलेल्या पायाला हे चार दिवस परवडत नाहीत. अंगठ्यातली पकड घासून फोड येतो आणि फोड आलेला कळत नाही, आणि मागं पट्टा नसल्यानं चप्पल धरायला बोटं आवळावी लागतात. लग्नकार्याला तासाभरासाठी पण घालत नाही आता.

घरात चप्पल घालायची हे आईला पटवायला वेळ लागला. शेवटी घरातली जोडी वेगळीच केली, ती उंबऱ्याबाहेर जात नाही, फक्त देवघरापाशी काढतो. कारण लागतं ते घरातच जास्त, खाटेचा पाय, दाराची चौकट, सांडलेला चहा. अंबाबाईला, जोतिबाला मात्र चप्पल काढावीच लागते, तर पहाटेच जातो आणि सुती मोजे घालतो. दुपारी दगडी फरशी तापलेली असते, नुसत्या पायानं गेलं तर भाजलेलं सुद्धा घरी आल्यावर दिसणार.

तक्रारी पण आहेत. पावसाळ्यात वेल्क्रोत चिखल बसून पकड जाते, जुना टूथब्रश घेऊन साफ करावं लागतं. पट्ट्याचं अस्तर भिजलं की दोन दिवस वाळत नाही, मग बोटांच्या बेचक्यात बुरशी, त्यामुळं दुसरी जोडी लागतेच. हजार-दीड हजाराची जोडी, दोन म्हणजे खर्च आहे. आणि चवड्याखालचं रबर आता बसलंय, अंगठ्यानं दाबलं तर परत वर येत नाही, म्हणजे वरनं चांगली दिसली तरी बदलायला झाली.

बाकी रोजचं काम सँडल करत नाही ते आपल्यालाच करावं लागतं. रात्री मंडळी आरसा धरून तळवा बघतात, त्यांना माझ्यापेक्षा बारीक दिसतं. टाचेला खोबरेल लावतो पण बेचक्यात नाही, तिथं कोरडंच पाहिजे. नखं सरळ कापायची, कडेला कोरायचं नाही. कुरुपावर मेडिकलमधली पट्टी लावू नका, त्यात ॲसिड असतं, चांगली कातडी पण जाळतं.

घ्यायची असेल तर आधी ती धाग्याची तपासणी करून घ्या, वर्षातनं एकदा तरी करायचीच असते. संवेदना शाबूत असेल तर मापाची, मागं पट्टा असलेली साधी मऊ सँडल पण चालते. पायाचा आकार बदललाय किंवा आधी जखम होऊन गेलीय त्यांनी तयार जोडी घेऊ नये, मापानं बनवून घ्यावी. आणि उघडी जखम, काळपट डाग, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला दिसला तर कुठलीच सँडल घालून फिरू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.