हौसेने ॲप बनवायचंय? अँड्रॉइडच घ्या, पण प्ले स्टोअरच्या नादी लागू नका

कॅमेरा, बॅटरी, गेमिंगचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, मी फक्त एवढंच सांगतोय की घरी बसून स्वतःपुरतं ॲप बनवायचं असेल तर कुठला फोन बरा. नोकरीसाठी नाही हां, निव्वळ हौस. माझ्याकडून अँड्रॉइडला पाचपैकी चार स्टार.

आमची आई आसपासच्या बिल्डिंगमध्ये डबे देते. कोणाचा डबा गेला, कोण गावाला गेलंय, महिनाअखेरीला कोणाचे किती झाले, हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलेलं असायचं आणि एक तारखेला बेरजेवरून घरात वाद. त्याच्यासाठी ॲप करायचं होतं.

आयफोनचं आधी सांगून टाकतो. ॲप बनवायला ॲपलचं एक्सकोड सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. फुकटच्या ॲपल आयडीवरून स्वतःच्या फोनमध्ये ॲप टाकता येतं, पण सात दिवसांनी ते उघडायचंच बंद होतं, परत जोडा परत टाका. म्हणजे दर रविवारी आईकडे फोन मागायचा! ते नको तर वर्षाला ९९ डॉलर भरा. डब्याच्या हिशोबासाठी?? घरात मॅक किंवा आयपॅड आधीच पडून असेल तर गोष्ट वेगळी, ॲपलच्या स्विफ्ट प्लेग्राउंड्स ॲपमध्ये २०२१ पासून आयपॅडवरच ॲप लिहून थेट ॲप स्टोअरला पाठवता येतं, आणि त्यातली स्विफ्ट भाषा मला तरी अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेपेक्षा सुटसुटीत वाटते.

अँड्रॉइडचं ॲप बनवायचा प्रोग्रॅम, अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो. ८ जीबी रॅमवर मात्र रडतखडत, त्यात इम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, चालू केलात तर चहा करून या. त्यापेक्षा खरा फोन जोडा. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनला जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा, की लॅपटॉपवरून केबलने ॲप फोनमध्ये टाकता येतं, झालं. ॲप तयार झालं की त्याची एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, समोरच्याने एकदा परवानगी दिली की इन्स्टॉल, आणि मग ते तिथेच राहतं, आठवड्याची भानगड नाही.

मराठीचं एक आवडलं. ॲपमधले मराठी शब्द प्रोजेक्टच्या ‘व्हॅल्यूज-एमआर’ (values-mr) फोल्डरमध्ये ठेवले की फोनची भाषा मराठी असेल तर ॲप आपोआप मराठीत उघडतं. आकडेसुद्धा देवनागरीत येतात, ‘सावंत काकू २४०० बाकी’ असं वाचून आई खूश. पण फाइलमध्ये साठवताना लोकेल, म्हणजे कोडमधली भाषेची निवड, इंग्लिश ठेवा, नाहीतर तोच आकडा पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला नुसती अक्षरं वाटू शकतो.

आता एक स्टार का कापला. रात्री नऊला ‘उद्या कोणाची सुट्टी’ अशी आठवण यायला हवी होती, माझ्या फोनवर यायची, आईच्या फोनवर नाही. कोड तोच! तिच्या फोनच्या कंपनीने बॅटरी वाचवायला मागचं ॲप मारून टाकायची सोय करून ठेवलेली. त्या ॲपचं बॅटरीचं बंधन सेटिंगमध्ये जाऊन काढलं तेव्हा आठवण वाजायला लागली. प्रत्येक कंपनीत ते सेटिंग वेगळ्या ठिकाणी, ह्याचा फार वैताग आहे.

आणि प्ले स्टोअर. फी एकदाच २५ डॉलर, ती परवडते, पण नवीन पर्सनल अकाउंटला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर, म्हणजे ॲप वापरून बघणारी माणसं, सलग १४ दिवस लागतात. बारा माणसं मिळतील हो, पण चौदा दिवस कोण टिकतंय. शिवाय स्टोअरबाहेरच्या ॲपसाठीसुद्धा डेव्हलपरची ओळख पटवायचा नियम गूगलने २०२५ मध्ये जाहीर केलाय, सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. केबलने स्वतःच्या फोनवर टाकायला ते लागणार नाही म्हणतात, तरी लक्ष ठेवा.

लॅपटॉपच नसेल तर टर्मक्स घ्या, फोनमध्येच कमांड टाइप करून कोड लिहायचं ॲप, एफ-ड्रॉइड नावाच्या फुकट ॲपच्या स्टोअरवरून. पायथन भाषा, कोडचे बदल जपणारं गिट, सगळं फोनमध्येच, आणि कंट्रोल, टॅब, एस्केपची बटणं कीबोर्डच्या वर मिळतात. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत विसरा, पण संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या स्लो लोकलला तिघांच्या बाकावरची चौथी सीट जरी मिळाली तरी ठाण्यापर्यंत एखादं फंक्शन होऊन जातं.

नवा फोन घ्यायची गरज नाही, घरात पडलेला जुना चालेल, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सेकंडहँड बघा, लॅपटॉपची रॅमही तिथेच वाढवून होईल. फक्त चार्जिंगचं पोर्ट ढिलं नाही ना ते स्वतः केबल लावून बघा, आणि केबल डेटावाली आहे का हे तोंडाने विचारून घ्या, स्टेशनबाहेरच्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात, फोन चार्ज होताना दिसतो, लॅपटॉपवर काहीच येत नाही आणि आपण डिबगिंगची सेटिंग उलटीपालटी करत बसतो.