युरोपला हापूस पाठवणारं पॅकहाऊस, आमचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यातलं एक आंब्याचं पॅकहाऊस आहे, म्हणजे निर्यातीचा माल निवडून, प्रक्रिया करून पेट्या भरतात ती जागा, नाव देत नाही कारण खाली तक्रार पण आहे, पण यंदा ज्यांना माल युरोपला पाठवायचाय त्या बागायतदारांनी वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पाचपैकी चार स्टार देईन. एक का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ कन्साइनमेंटमध्ये फळमाशी आणि तसल्या किडी सापडल्या हे कारण. ऐन हंगामात, पेट्या भरून तयार असताना. बाहेर जाणारा माल नवी मुंबईत वाशीच्या बाजारातच थांबला आणि आपल्याकडे किती जणांचे हिशोब चुकले ते कोकणात कुणाला सांगायला नको. जानेवारी २०१५ ला आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं, पण फळावर प्रक्रिया आणि तपासणी नीट होणार असेल तरच. म्हणून फळं गरम पाण्यात बुडवून ठेवायची, ४८ अंशाला ६० मिनिटं. जपानला वाफेची प्रक्रिया, अमेरिकेला विकिरण आणि युरोपला गरम पाणी, असं प्रत्येकाचं वेगळं आहे.

आता सेवा कशी आहे ते. गाडी लागली की पहिल्यांदा क्रेटवर बागेच्या नोंदणीचा नंबर चढतो, मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, बाग नोंदलेली नसेल तर गाडी गेटावरूनच परत, ओळखपाळख अजिबात चालत नाही आणि ते बरंच आहे कारण एकाच्या बागेत अळी निघाली तर सगळ्या जिल्ह्याचं नाव जातं. मग निवड. निवडीला बसलेल्या बायकांचा हात बघण्यासारखा आहे. एका मावशींनी आमच्या क्रेटातलं एक फळ उचललं, देठाजवळचा खांदा नुसता नजरेने बघितला, फळ बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, हा चौदा आणे झालाय, तिकडे पोचेपर्यंत पिकून जाईल, हा वाशीला न्या." आंब्याची तयारी आण्यात मोजतात, सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार. त्याच क्रेटातलं दहा आण्याचं कोवळं फळ पण त्यांनी काढलं, कारण कोवळ्याची साल पाण्यात भाजते. डेख, म्हणजे देठ, मोडून चीक सालीवर ओघळलेला असेल तर तेही बाजूला. हे सगळं त्या कारण सांगून करतात, नुसतं फेकत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन चढणाऱ्या आमच्या पोरांना काय सांगायचं ते मला तिथेच कळलं.

टाकीजवळ कुणी जाऊ देत नाही असं ऐकलं होतं, इथे काचेतून उभं राहून बघू देतात. क्रेट पाण्यात खाली जातात, काही फळांच्या गरात सुई टोचलेली असते, पाण्याचं आणि गराचं तापमान बाजूच्या स्क्रीनवर दिसत राहतं. आमचा एक लॉट पाण्यात असताना लाईट गेली, जनरेटर लागेपर्यंत पाण्याचं तापमान खाली उतरलं. मला वाटलं आता चार मिनिटं वाढवतील आणि पुढे ढकलतील. ऑपरेटर पोरगा अगदी पंचवीसेक वर्षांचा असेल, त्याने रेकॉर्ड दाखवलं, "काका, हा युरोपला नाही जायचा, परत गरम केला तर फळ भाजेल" एवढंच म्हणाला आणि लॉट दुबईच्या मालात काढला. दर कमी मिळाला, जीव हळहळला, पण चारपैकी तीन स्टार मी त्या पोराच्या ह्या एका निर्णयासाठी देतोय. बंदीचं वर्ष ज्यांनी पाहिलंय त्यांना हे कळेल.

पुढे गार पाणी, सुकवणं, जाळीच्या बंद खोलीत पॅकिंग, क्वारंटाईनवाल्यांची तपासणी, सगळं ठीक, स्वच्छता चांगली, दराचा बोर्ड समोर लावलेला आहे आणि बोर्डावर आहे तेवढेच पैसे घेतात. हमालीत मध्येच काही घुसडत नाहीत.

चवीबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. प्रक्रिया केलेली थोडी फळं मागून घेतली आणि घरी आढीत घातली, शेजारीच त्याच कलमाची साधी. पाण्यातली फळं आधी पिवळी झाली आणि करपा रोगाचे काळे ठिपके त्यांच्यावर बरेच कमी होते. वास मला किंचित कमी वाटला, आईला काहीच फरक वाटला नाही, आणि आंब्याच्या बाबतीत आमच्या घरात आईचं नाक माझ्यापेक्षा वरचढ धरतात. साका, म्हणजे गरात होणारा पांढरट भुसभुशीत भाग, मात्र पाण्याने जात नाही, तो असेल तर असतोच, त्याबद्दल कुणी काही आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका.

आता तक्रार. फवारलेल्या औषधांचे फळात राहिलेले अवशेष तपासले जातात, ती तपासणी होते, तिचा रिपोर्ट एक्सपोर्टरकडे जातो आणि बागायतदाराला फक्त पास किंवा फेल एवढंच फोनवर कळतं. आमच्या वाडीतल्या एका काकांचा माल फेल गेला, कुठलं औषध, किती निघालं, विचारलं तर पॅकहाऊस म्हणतं एक्सपोर्टरला विचारा आणि एक्सपोर्टर फोन उचलत नाही. अरे मग तो माणूस पुढच्या वर्षी फवारणीत काय बदलणार? ज्याने झाड वाढवलं, तुडतुड्यांसाठी पहाटे उठून फवारलं, तपासणीची फी ज्याच्या विक्रीच्या हिशोबातून कापली, त्यालाच कागद दाखवायचा नाही हे मला अजिबात पटलेलं नाही. युरोपात २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक बंद झालं आणि फळातल्या त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत होतं, दुकानदार देतो ते आपण आणतो, मग हे बागायतदाराला सांगणार कोण?

आणि इथे मला जरा मोठं बोलायचंय. भारत आणि युरोपच्या व्यापार कराराची चर्चा २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली, आणि आपल्याकडे चहाच्या टपरीवर लोक म्हणतात करार लागू झाला की हापूसला सोन्याचे दिवस. पण ताज्या आंब्यावर युरोपात आयात शुल्क आधीपासूनच शून्य आहे हो! जॅमवर आहे, ताज्या फळावर नाही. २०१४ ला दार बंद झालं ते शुल्काने नाही, फळमाशीने. म्हणजे आपली लढाई बागेत आहे, सापळा लावण्यात, पडलेली फळं गोळा करून पुरण्यात, कुठलं औषध कधी थांबवायचं ह्यात.

हेच काम युरोपने आफ्रिकेत स्वतः पैसे घालून केलंय. कोलीएसीपी म्हणून संस्था आहे, तिच्यामार्फत २००१ पासून आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांतल्या फळ-भाजीवाल्यांना अवशेष, फवारणी, नोंदी ठेवणं ह्याचं ट्रेनिंग दिलं गेलं, पैसा युरोपियन युनियनचा. सेनेगल, माली, आयव्हरी कोस्टचा आंबा तिथल्या बाजारात दिसतो त्यात ह्या कामाचा हातभार आहे. भारत त्या गटात नाही, ठीक आहे, पण पद्धत तर घेता येते. नेदरलँड्सची सीबीआय नावाची सरकारी संस्था १९७१ पासून विकसनशील देशांच्या निर्यातदारांसाठी काम करते, युरोपात आंबा कोण घेतो, काय अटी आहेत ही माहिती तिच्या साईटवर फुकट आहे, इंग्रजीत. ते कुणीतरी मराठीत करून पॅकहाऊसच्या भिंतीवर लावा ना, दराच्या बोर्डाशेजारी जागा आहे. पेरू आणि ब्राझीलचा केंट, टॉमी अॅटकिन्स जातीचा आंबा जहाजाने रॉटरडॅमला उतरतो, स्वस्त पडतो, आपला हापूस विमानाने जातो, त्या भाड्याशी आपण भांडू शकत नाही. आपण फक्त चवीवर आणि स्वच्छ मालावर उभे राहू शकतो. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१८ ला, त्याने नाव राखलं जाईल, अळी नाही थांबत.

म्हणून पॅकहाऊसवाल्यांना हात जोडून विनंती, रिपोर्टची एक प्रत बागायतदाराला द्या, फेल असेल तर औषधाच्या नावासकट. बाकी काम तुमचं उत्तम आहे.

जाणार असाल तर मोहोर यायच्या आधी कृषी खात्याकडे बागेची नोंदणी करून घ्या, ऐन हंगामात गर्दी होते. फवारणीची वही तारखेसह ठेवा, तिथे खरंच बघतात. फळमाशीचे रक्षक सापळे दापोली विद्यापीठाचे आहेत, फळं लहान असतानाच बांधा. माल डेखासकट आणि बारा आण्यालाच काढा. आणि एक्सपोर्टरशी बोलताना रिपोर्टची प्रत मिळेल हे आधी लिहून घ्या, तोंडी नको.