जुन्या जीपला ड्रम ब्रेकच ठेवावेत की बोलेरोचे डिस्क ब्रेक बसवावेत?

माझ्या डिझेल जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. चार वर्षं तेच सांभाळले, मग पुढच्या दोन चाकांना बोलेरोची डिस्क बसवून घेतली.

ड्रमला उगाच नावं ठेवू नयेत. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) नवे असतील, ड्रम लेथवर मारून घेतलेले असतील आणि चारही चाकांचे ब्रेक सारखे टाईट केले असतील, तर कोरड्या रस्त्यावर जीप छान थांबते. सामान पुण्यात नाना पेठेत मिळतं, खर्च डिस्कच्या मानाने किरकोळ. सिंहगड खालच्या गिअरात उतरलात तर ड्रम फार तापतही नाहीत.

माझं बिनसलं ते पाण्यावरून. जुलैत ताम्हिणीत रस्त्यावरून वाहणारं पाणी ओलांडलं, की ब्रेकला पाय लावताच गाडी खेचायची. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आधी अंदाजच यायचा नाही. ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर निघत नाही आणि ज्या बाजूचे लायनर आधी सुकतील ती बाजू आधी पकडते. पाण्यातून निघालो की मी डावा पाय ब्रेकवर अलगद ठेवून बराच वेळ तशीच गाडी चालवायचो. एकदा आई शेजारी बसलेली, समोरून एसटी आली आणि जीप थेट एसटीच्या अंगावर गेली. चालकाने एसटी कडेला घेतली म्हणून निभावलं. मिस्त्रींनी त्यानंतर दोनदा ब्रेक उघडले. कोरड्यात सरळ, पाणी लागलं की पुन्हा तेच.

डिस्क उघडी असते. पाणी उडून जातं, उरलेलं डिस्कला चिमटणारा पॅड पुसून काढतो. गेल्या दोन पावसाळ्यांत जीप एकदाही खेचली नाही.

पण नुसती डिस्क आणि पॅड दाबणारा कॅलिपर आणून भागत नाही. ड्रममधला पुढचा शू (ज्यावर लायनर असतो तो) चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट बसतो, म्हणून बूस्टरवाचून, म्हणजे व्हॅक्युमच्या जोराने पेडलला मदत करणाऱ्या डब्याशिवाय चालतं. डिस्कला ती मदत नसते. बूस्टर नसेल तर पेडलवर उभं राहावं लागेल. त्यात डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून पेट्रोलसारखा व्हॅक्युम मिळत नाही, त्यामुळे व्हॅक्युम पंपवाला अल्टरनेटरही आला. पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही डिस्कचाच घ्या. ड्रमच्या सिलिंडरमधला व्हॉल्व्ह लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो आणि त्याने पॅड डिस्कला घासत राहतात. मी सुरुवातीला जुनाच सिलिंडर ठेवला होता, तर कात्रजला पोचेपर्यंत पुढच्या रिमला हात लावता येईना.

गाडी रविवारी कॅम्पात फिरवण्यापुरती आणि मूळ रूपात ठेवायची असेल, तर ड्रम ठेवायला माझी काहीच हरकत नाही. पावसात मुळशी, ताम्हिणी, वरंध होणार असेल तर मी तरी डिस्कच सुचवेन. मात्र पैसे एकदम जमत नसतील तर थांबा. बूस्टर पुढच्या महिन्यात बसवू म्हणत नुसत्या डिस्कवर गाडी घाटात नेऊ नका.