सात महिने मेटल डिटेक्टर वापरला: बाटलीची झाकणं ४१२, अंगठी शून्य

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी अजून भांडण चालू आहे. साडेसोळा हजारांचं, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, जे सगळीकडे 'बिगिनरसाठी बेस्ट' म्हणून खपवतात तेच मशीन. स्पेक्स तुम्हाला पाठ असणार, ते सोडा.

घेतलं का, तर ऑक्टोबरात वहिनीची अंगठी गोव्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर हरवली. एक जण मशीन घेऊन यायला तयार होता, तासाला दोन हजार, सापडो न सापडो. मी हिशेब केला, सव्वाआठ तासांत तर मशीनच घरचं होतं की! आमच्याकडे असले हिशेब मीच करतो आणि मग बोलणीही मीच खातो. अंगठी नाताळच्या सुट्टीत तांदळाच्या डब्यात सापडली.

आता झाकणं. बिअरच्या बाटलीचं ते दातेरी झाकण असतं ना, त्याने माझं डोकं फिरवलंय. आहे लोखंडी पत्रा, पण चपटा आणि गोल, त्यामुळे मशीनला ते कधी लोखंड वाटतं कधी नाणं, स्क्रीनवरचा धातू ओळखायचा आकडा नाचत राहतो आणि मधेच असा गोड सूर देतो की माणूस गुडघ्यावर बसून वाळू उपसायला लागतो. लोखंड गाळायची सेटिंग लावली तरी हे गाळलं जात नाही. सेटिंग आणखी वाढवली की कॅनची पट्टी जाते खरी, पण सोन्याची अंगठीही तिच्याबरोबर जाते, कारण दोघींचा आकडा जवळपास सारखाच. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर अंगठी शोधायची तर झाकणं उचलण्यावाचून सुटका नाही. ती मी बरणीत साठवतो, परवापर्यंत ४१२ झाली, आणि मी बिअर पीत नाही. शेजाऱ्यांना हे पटवता पटवता नाकी नऊ आले.

ओल्या वाळूत तर विचारूच नका. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं मशीन लाट लागली की उगाच किरकिरतं. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली की गप्प बसतं, पण मग खोलवरचं सापडत नाही. समुद्रावरच वापरायचं असेल तर मल्टी फ्रिक्वेन्सी घ्या. महाग आहे, मला माहीत आहे, मी पण म्हणूनच हे घेतलं.

इथपर्यंत मी तीन स्टार देणार होतो. मग जानेवारीत कॉइलची, म्हणजे वाळूवरून फिरवायच्या खालच्या चकतीची, वायर मुळाशी सैल झाली. डब्यावर कॉइल वॉटरप्रूफ असं छापलंय, मी बुडवली ती कॉइलच, वरचा कंट्रोल बॉक्स नाही. सर्व्हिसवाला फोनवर म्हणतो खाऱ्या पाण्याचं डॅमेज वॉरंटीत येत नाही, तरी पाठवा, कुरिअर तुमचं, तपासणी फी वेगळी. नाकापेक्षा मोती जड! शेवटी म्हापशात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने दीडशे रुपयांत डाग मारून वर सिलिकॉन लावून दिलं, अजून टिकलंय. एक स्टार गेला.

उरलेल्या दोन स्टारचं काय करायचं ते फेब्रुवारीत ठरलं, आणि त्यात मशीनचा दोष किती आणि माझा किती हे अजून कळत नाहीये.

मामाचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, सत्तरी तालुक्यात आहे. २०२३ साली तिकडेच नानोड्याला एकाच्या काजूबागायतीत मडकं सापडलं, आत ८३२ तांब्याची नाणी, पोर्तुगीज काळातली, आणि त्याने ती सरळ सरकारकडे दिली. मामाच्या लक्षात फक्त मडकं राहिलं. "अरे, त्या कोपऱ्यात जुनं घर होतं म्हणतात, तुझं मशीन आण की." मामी म्हणाली राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, नारळ ठेवल्याशिवाय कुदळ लावायची नाही. नारळ ठेवला.

आपल्या चिऱ्याच्या तांबड्या मातीत लोखंडच लोखंड, मशीन जमिनीलाच धातू समजतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज गाळायची जुळवणी, करून करून हात दुखला, चार खड्डे नुसते खड्यांसाठी मारले. पाचव्यात वीतभर खाली एक तांब्याचं नाणं मिळालं. मामीने ते कौतुकाने सोलं (आमसुलं) लावून घासलं, देवाची भांडी घासतात तसं, एकदम चकचकीत.

उत्खननांवर काम केलेला एक ओळखीचा आहे, त्याला फोटो पाठवला. शाबासकी सोडाच, त्याने तीन गोष्टी विचारल्या. किती खोल होतं, मातीचा रंग कुठे बदलला, आजूबाजूला काय होतं? खोली सोडून मला काहीच सांगता येईना. आजूबाजूला खापऱ्या होत्या, थोडा कोळसाही होता, मी फावड्याने ते सगळं बाजूला फेकलं, कारण मशीन त्यावर वाजलं नव्हतं. तो म्हणाला, मशीनला मातीचं भांडं ऐकू येत नाही, चूल ऐकू येत नाही, पण तिथे कोण राहत होतं, केव्हा, हे नाण्यापेक्षा त्यांनीच सांगितलं असतं. नाणं फक्त त्या थराची तारीख पक्की करायला लागतं, आणि थर तू उपसलास. वर सोलं लावून अक्षरांवरचा हिरवा थरही घालवलात, त्याच्याबरोबर अक्षरंही झिजली.

मग कायदा वाचला, म्हणजे आधी वाचायचा तो नंतर. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत सापडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला लेखी कळवायची असते. दहा रुपये! त्यात आज चहा येत नाही. न कळवता दडपलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, भाट मामाचं असलं म्हणून ती आपोआप मामाची होत नाही. कळवलं, जागेचा फोटो जोडला, नाणं देऊन पोच घेतली. मामा दोन आठवडे बोलला नाही.

आता मशीन सुक्या वाळूतच चालवतो, कोणाचं काही हरवलं तर. खड्डा बुजवतो, कचरा घरी आणतो. मोरजी-मांद्रे पट्ट्यात नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालतात, वनखात्याचं कुंपण दिसलं की मी तिथून उलटा फिरतो. जुनं गोवं, चांदर, गोपकपट्टण या जुन्या राजधान्यांच्या बाजूला तर मशीन गाडीतूनही काढत नाही. चांदरला १९२९ मध्ये इतिहास संशोधक फादर हेरास यांनी खणलं तेव्हा ते शास्त्र म्हणून खणत होते, आपण झाकणं गोळा करणारी माणसं.

दोन स्टार. त्यातला एक म्हापशाच्या टीव्हीवाल्याला. कोणाला पाहिजे असेल तर दहा हजारांत देतो, झाकणांची बरणी फ्री.